जुन्या विनोदी मूकपटांची प्रिंट घेताना

चॅप्लिन किंवा बस्टर कीटन यांचे दोन रिळांचे लघुपट आज संगणकावर सहज पाहता येत असले, तरी त्यांच्या १६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवरील प्रती, म्हणजेच प्रिंट, जमवणाऱ्यांची ओढ कमी होत नाही, कारण एकाच लघुपटाच्या दोन प्रिंट तंतोतंत सारख्या असतीलच असे नाही. कीटन यांच्या १९२२ सालच्या ‘द ब्लॅकस्मिथ’ची वेगळे प्रसंग असलेली आवृत्ती २०१३ साली अर्जेंटिनात उजेडात आली, लॉरेल-हार्डी यांच्या ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’चे हरवलेले दुसरे रीळ २०१५ साली एका खासगी संग्रहातील १६ मिलिमीटरच्या प्रिंटमध्ये सापडले.

म्हणूनच खरेदी करताना शीर्षकावर विसंबू नये. आधी लांबी विचारावी. ३५ मिलिमीटरचे हजार फुटांचे रीळ १६ मिलिमीटरवर चारशे फुटांत बसते, तेव्हा दोन रिळांचा लघुपट साधारण ७०० ते ८०० फूट भरला पाहिजे. विक्रेता ‘संपूर्ण’ म्हणून पाचशे फूट देत असेल, तर मधले काहीतरी कापले गेले आहे असे धरून चालावे. त्यानंतर फिल्मची कडा भिंगाखाली पाहावी. कोडॅकच्या फिल्मवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशी बारीक चिन्हे असतात. त्यांवरून कच्ची फिल्म कोणत्या वर्षी तयार झाली ते कळते, लघुपट कधीचा ते नव्हे. तीच चिन्हे वीस वर्षांनी पुन्हा येत असल्यामुळे अंदाज मात्र इतर खुणांशी ताडून घ्यावा लागतो. नवशिक्याने आयोवातील ब्लॅकहॉक फिल्म्सने घरगुती ग्राहकांसाठी काढलेल्या प्रिंटपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. ३५ मिलिमीटरच्या नायट्रेट, म्हणजे जुन्या ज्वालाग्राही फिल्मवरील, प्रिंटच्या वाटेला मात्र जाऊ नये; ती एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते.

डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर अ‍ॅसिटेटची (सहज पेट न घेणाऱ्या प्लास्टिकची) फिल्म कुजू लागली आहे, आणि ही प्रक्रिया थांबवता येत नाही, फक्त मंदावता येते. उष्णता आणि दमट हवा तिला वेग देतात, त्यामुळे मुंबई-कोकणात संग्रह ठेवणाऱ्यांनी पावसाळ्यात विशेष जपावे. वास येणारी प्रिंट बाकीच्यांपासून वेगळी, हवा खेळती राहील अशा डब्यात ठेवावी, आणि ती आकसून प्रोजेक्टरच्या दातांवर बसेनाशी होण्याआधी तिचे स्कॅनिंग करून घ्यावे.