झेडपी शाळेत डिजिटल वर्ग चालवाचा आहे? मुख्याध्यापकांनो, आधी मीटर पाहा

लोकवर्गणीतून टीव्ही आणणं सोपं आहे हो, नारळ फुटते, फोटो निघते, पेपरात बातमीही येते, पण दिवाळीनंतर तोच टीव्ही ऑफिसात चादर पांघरून बसला राहते. दोन-चार शिक्षकी शाळेत तो चालू ठेवणं हे मुख्याध्यापकाचंच काम आहे.

सगळ्यात आधी लाइन. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते, 30 च्या वर अन् 100 पर्यंत पट असला तर निकषानं वर्षाचे 25 हजार, अन् त्यातच खडू, रजिस्टर, दुरुस्ती अन् बिलही बसवा लागते, म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्याच मीटिंगमधे बिलाचे पैसे बाजूला ठेवाचा ठराव घेऊन टाका. बिल ग्रामपंचायत भरणार असंल तर तसं लेखी घ्या, सरपंच बदलला की तोंडी शब्द कोणी ओळखत नाही. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, आपल्या इकडं व्होल्टेजचा काही नेम नाही.

नेट नाही म्हणून रडत बसू नका. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा अॅपवर स्कॅन करून व्हिडिओ रेंज असलेल्या ठिकाणीच डाउनलोड करून ठेवा, मग वर्गात नेट नसलं तरी अॅपमधे चालते, मोबाइलची स्क्रीन टीव्हीवर घेता येते का ते मात्र आदल्या दिवशी पाहून ठेवा, पोरं समोर बसल्यावर नाही. टीव्ही खिडकीसमोर लावला तर उजेडानं काहीच दिसत नाही, पडदा नसंल तर जुनी साडी बांधा, मस्त चालते.

आता खरी अडचण, गुरुजी-मॅडम. काहीजण घाबरतात, काहींना वाटते एक काम वाढलं. परिपत्रक काढून हे होत नाही बाप्पा, पहिला तास मुख्याध्यापकानं स्वतः घ्यावा, सगळ्यांसमोर अडखळत का होईना. व्हिडिओ दोन मिनिटं चालवा, थांबवा, पुढं काय होईल ते पोरांना विचारा, वहीत लिहायला लावा, मग पुढं. अर्धा तास नुसता टीव्ही चालू अन् गुरुजी ऑनलाइन माहिती भरत बसले, त्याला शिकवणं म्हणत नाही (माहितीची कामं उरावर आहेत हे मान्य). वर्ग एकत्र बसत असतील तर एका वर्गाला टीव्ही, दुसऱ्याला लेखी काम, दिवसाआड बदल, अन् हे वेळापत्रकातच टाका.

किल्ली मुख्याध्यापकाच्या खिशात नको, भिंतीवर खिळ्याला. टीव्ही दान आला असला तरी डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत) चढवा. बदली झाली तर चार्ज देताना रिमोट, वॉरंटी कार्ड अन् पासवर्डची वही यादीत लिहून सही घ्या.