साहित्यिकाचं चरित्र लिहायला घेताय? या चुका टाळा

चरित्रकार भाषेपाशी क्वचितच अडतो. अडतो तो कागदपत्रांपाशी. लेखकाची पत्रं हाती लागली की नवखा माणूस हरखतो आणि भराभर उतरवून घेतो. पण पत्राचा कागद ज्याला ते आलं त्याचा. मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, त्याच्यामागे वारसांचा. ग्रंथालयानं पेटी उघडून दिली म्हणजे छापायची मुभा मिळाली, असं नाही.

ब्रिटिश कवी-समीक्षक इयन हॅमिल्टन यांनी अमेरिकन कादंबरीकार जे. डी. सॅलिंजर यांच्या चरित्रात विद्यापीठांच्या ग्रंथालयांतली पत्रं वापरली. सॅलिंजर हयात होते. त्यांनी आक्षेप घेतला. मग हॅमिल्टननी बरीचशी अवतरणं काढून तेच आपल्या शब्दांत मांडलं. तरीही 1987मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं प्रकाशन रोखलं. पुस्तक नव्यानं लिहावं लागलं. 1988मध्ये आलं ते सॅलिंजर यांच्या शोधाचीच हकिकत होऊन. ‘अवतरणचिन्हं काढली की झालं’ म्हणणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क टिकतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण हयातीत न छापलेल्या साहित्याची 60 वर्षं ते प्रथम प्रकाशित झाल्यानंतर मोजतात, हे निसटतं. म्हणून जुन्या पत्रांनाही परवानगी लागू शकते. ती लेखी घ्या, आणि सगळ्या वारसांची. थोरल्यानं चहा पाजून ‘खुशाल छापा’ म्हटलेलं धाकट्याला मान्य असेलच असं नाही. वारसांनी चरित्राचं हस्तलिखित आधी वाचायला मागितलं तर द्यावं, पण तपशिलाच्या चुका सुचवण्यापुरतंच. गाळागाळीचा अधिकार देऊ नये. तो दिलात की चरित्राचा गौरवग्रंथ झालाच.

तारखांचं दुखणं वेगळं. केशवसुतांचा जन्म कुठे 15 मार्च 1866, कुठे 7 ऑक्टोबर 1866 असा आढळतो. अशा वेळी गुपचूप एक तारीख उचलू नका. दोन्ही देऊन आपली निवड का, ते सांगा. आवृत्त्यांची सालं तर पुनर्मुद्रणावरून कधीच घेऊ नयेत. 1950पर्यंतच्या पुस्तकांसाठी दाते सूची, म्हणजे शं. ग. दाते यांनी केलेली मराठी ग्रंथांची सूची आहे, ती आधी उघडा.

कवितेतली ‘ती’ म्हणजे कवीची शेजारीण, असला शोध पुराव्याशिवाय लावू नका.

आणि पोटापाण्याचं. पहिल्याच झेपेत सहाशे पानी चरित्रासाठी नोकरी सोडणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. साहित्य अकादेमीच्या ‘भारतीय साहित्याचे निर्माते’ मालेतल्यासारखा छोटेखानी विनिबंध, म्हणजे एकाच लेखकावरची पुस्तिका, आधी लिहून पाहावा. कुठले कागद मिळत नाहीत, ते तेवढ्यात कळतं.