बातमीला मार्क कसे द्यायचे? कांद्याची एक बातमी घेऊन बघू

आपण बातमीला एकच मार्क देऊन मोकळे होतो, "हा पेपर विकला गेलाय" नाहीतर "हा चॅनल भारी आहे", झालं. पण बातमी खरी किती आणि झुकलेली किती हे दोन वेगळे हिशोब आहेत राव. सगळे आकडे बरोबर असूनही बातमी पार एकतर्फी असू शकते, आणि दोन्ही बाजू नीट मांडलेल्या बातमीत आकडेच गंडलेले असू शकतात. अमेरिकेतल्या अ‍ॅड फॉन्टेस मीडियाचा तक्ता म्हणूनच दोन रेषांवर आहे, उभी विश्वासार्हतेची, आडवी कलाची, आणि तिथे एकच लेख डाव्या, उजव्या आणि मधल्या विचारांची माणसं वाचून मार्क देतात. घरी वही-पेन घेऊन आपल्यालाही जमतं.

डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांदा निर्यात बंद केली, ती बातमी घ्या. कुठे "ग्राहकांना दिलासा" तर कुठे "शेतकऱ्यांच्या तोंडचा घास गेला" अशा धर्तीची हेडिंगं, आणि खोटं दोन्हीकडे काही नाही.

आधी विश्वासार्हता, 10 पैकी.

पहिलं, हेडिंग हाताने झाका. मजकूर वाचा, स्वतः एक हेडिंग लिहा, मग हात काढा. दोन्ही जुळली तर 2 मार्क. हेडिंगला प्रश्नचिन्ह असेल आणि खाली उत्तरच नसेल तर सरळ भोपळा.

मग बातमीदाराचं नाव, गाव, तारीख बघायची, 2 मार्क. तारीख विसरू नका, मागच्या वर्षीची बातमी आजची म्हणून फिरत असते.

तिसरं, कोण बोलतंय? "सूत्रांच्या माहितीनुसार", "बोललं जातंय", "एकच खळबळ उडाली" याखाली रेघ मारत जा. नाव आणि हुद्दा असलेली माणसं जास्त की रेघा जास्त, त्यावर 3 मार्क.

शेवटचे 3 मूळ कागदाचे आणि खरी मजा इथेच आहे. बंदीचं नोटिफिकेशन डीजीएफटीचं, म्हणजे केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाचं होतं, त्यात मुदत 31 मार्च 2024 पर्यंत होती आणि दुसऱ्या देशाने मागणी केली तर केंद्र परवानगी देऊ शकेल अशी सवलतही होती. बातमीत हे आलंय का? भावाचं पण तेच, बाजार समिती किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव देते, मग काल कमाल सांगून आज किमान सांगितला की भाव धाडकन पडलेला दिसतो, प्रत्यक्षात बाजार जागचा हललेलाही नसतो. क्विंटलचा भाव की किलोचा, लासलगावचा लिलाव की तुमच्या गल्लीतली गाडी, हेही बघा.

आता कल, -5 ते +5. इथे डावं-उजवं घेऊन बसू नका, कांद्याला ते लागूच पडत नाही. भांडण ज्या दोघांत आहे ते दोन टोकांना ठेवा, म्हणजे शेतकरी -5 आणि ग्राहक +5. मग क्रियापदं बघा. भाव "कोसळले", "उतरले" की "आवाक्यात आले"? भाव तोच असतो, फक्त सांगणारा कुठे उभा आहे ते कळतं. पहिला बोलतो कोण आणि कुणाला किती ओळी मिळाल्यात त्या चक्क मोजा.

अग्रलेखाला कलाचे मार्क देऊ नका, ते मतच असतं. जाहिरात मात्र बाजूला काढा, आणि ती ओळखणं नेहमी सोपं नसतं. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी पेपरांत एकच मजकूर शब्दशः छापून आला होता, पत्रकार पी. साईनाथांनी ते पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, म्हणून उघड केलं. म्हणून शंका आली की बातमीतलं एक अख्खं वाक्य सर्चमध्ये टाका.

आणि एकट्याने मार्क देऊ नका. मी पुण्यात, सासरे निफाडचे, कांदा लावणारे. भाव उतरल्याच्या एका बातमीला मी 0 दिला होता, त्यांनी +4. फरक 3 च्या वर गेला की बातमी परत वाचायची असं आमचं ठरलंय, म्हणून परत वाचली, तर त्यांनी पेनाने "आवाक्यात" या शब्दाला गोल केला होता. मी दोनदा वाचूनही तो मला दिसलाच नव्हता.