मोहरीची पेंड खाऊ घालताना आयोडीन, तांबे आणि जस्ताचा हिशेब

सरकी पेंडीचे भाव चढले की दुकानदार मोहरीची पेंड पुढे करतो. प्रथिनांच्या दृष्टीने तो सौदा वाईट नाही, कारण या पेंडीत सुमारे ३५ टक्के प्रथिने असतात. अडचण आहे ती तिच्यातील ग्लुकोसिनोलेट या गंधकयुक्त घटकांची. ते फुटून तयार होणारे पदार्थ थायरॉइड ग्रंथीच्या कामात अडथळा आणतात, म्हणून पेंडीसोबत आयोडीनसारख्या खनिजांचा हिशेब ठेवावा लागतो. मूठभर, तेलघाण्यावर काढलेली पेंड कोमट पाण्यात कालवून दहा मिनिटांनी हुंगली, तर नाकात झणका बसतो. मोहरीतील मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) त्या वेळी ग्लुकोसिनोलेटचे विघटन करीत असते, आणि त्यातून तिखट आयसोथायोसायनेट, थायोसायनेट तसेच काही जातींत गॉइट्रिन तयार होते. कारखान्यातून उष्णता देऊन निघालेल्या डीओसीला (जवळजवळ सगळे तेल काढून घेतलेल्या पेंडीला) हा झणका नसतो; पण तेवढ्यावरून ती निर्धोक समजू नये, कारण विकर मेले तरी ग्लुकोसिनोलेट बऱ्याच अंशी शिल्लक राहते आणि पोटातील जिवाणू तेच विघटन पुढे करतात.

खनिजे देण्याआधी पेंडीचे प्रमाण ठरवावे. कॅनडात विकसित झालेल्या कॅनोलाच्या पेंडीत दर ग्रॅमला ३० मायक्रोमोलपेक्षा (मायक्रोमोल हे रासायनिक घटकाचे प्रमाण मोजण्याचे एकक) कमी ग्लुकोसिनोलेट असते. आपल्या पारंपरिक मोहरीच्या पेंडीत ते शंभराच्या पुढेही जाते, त्यामुळे कॅनोलासाठी लिहिलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू करता येत नाही. रवंथ करणाऱ्या जनावरांना एकूण आहारात दर ग्रॅमला साधारण १.५ ते ४.२ मायक्रोमोलपर्यंत ग्लुकोसिनोलेट सोसते, असे मानले जाते. दिवसाला १२ किलो शुष्क पदार्थ (पाण्याचा अंश वगळून उरणारे खाद्य) खाणाऱ्या गाईला अर्धा किलो पेंड दिली आणि त्या पेंडीत १०० मायक्रोमोल असले, तर आहारातील प्रमाण ४.२ च्या आसपास येते. उत्तर भारतात म्हशींना याहून बरीच जास्त पेंड घालण्याची जुनी रीत आहे. तरीही सवय नसलेल्या गोठ्यात पाव किलोपासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत अर्ध्या किलोपर्यंत जावे, असे माझे मत आहे.

आता मुख्य खनिज, म्हणजे आयोडीन. थायोसायनेट हे थायरॉइड ग्रंथीत शिरणाऱ्या आयोडीनची वाट अडवते, आणि ही अडवणूक स्पर्धेची असल्यामुळे आयोडीन वाढवले की ती बऱ्याच अंशी मोडते. गॉइट्रिनचे तसे नाही; ते ग्रंथीच्या आत संप्रेरक तयार होण्याच्या कामातच खोडा घालते, म्हणून तिथे आयोडीनचा उपयोग मर्यादित असतो आणि पेंड कमी करणे हाच खरा उपाय राहतो. एरवी गाईच्या आहारात दर किलो शुष्क पदार्थामागे सुमारे ०.५ मिलीग्रॅम आयोडीन पुरते. मोहरीच्या पेंडीसारखे गलगंडकारक (थायरॉइड ग्रंथी सुजवणारे) खाद्य असेल तेव्हा ते २ मिलीग्रॅम धरावे. आपल्या १२ किलोवाल्या गाईला म्हणजे रोज २४ मिलीग्रॅम लागेल.

घरातल्या आयोडीनयुक्त मिठावर हे भागत नाही. त्या मिठात दर किलोला १५ ते ३० मिलीग्रॅम आयोडीन असते, म्हणजे ५० ग्रॅम मिठातून फार तर दीड मिलीग्रॅम मिळेल. खनिज मिश्रणाच्या पिशवीवरचा आकडा वाचावा. त्यावर आयोडीन ०.०२६ टक्के लिहिले असेल, तर ५० ग्रॅम मिश्रणातून १३ मिलीग्रॅम मिळते आणि ११ मिलीग्रॅमची तूट उरते. गाय रोज ५ किलो अंबोण (दाणा-पेंडीचे खाद्य) खात असेल, तर ही तूट भरण्यासाठी १०० किलो अंबोणात २२० मिलीग्रॅम आयोडीन, म्हणजेच सुमारे ०.३४ ग्रॅम कॅल्शियम आयोडेट लागते. एवढीशी भुकटी १०० किलोत थेट टाकली तर एखाद्या गाईच्या वाट्याला सगळी येईल आणि दुसरीला काहीच मिळणार नाही. म्हणून ती आधी १०० ग्रॅम बारीक कोंड्यात, मग १ किलोत, मग १० किलोत आणि शेवटी पूर्ण ढिगात मिसळावी. अचूक काटा नसेल तर हे काम खाद्य कारखान्याकडूनच करून घ्यावे. विकतचे पशुखाद्य वापरत असल्यास त्यात आधीच घातलेले आयोडीन या हिशेबातून वजा करावे. शुष्क पदार्थात दर किलोला ५० मिलीग्रॅमच्या पुढे गेल्यास विषबाधेचा धोका असतो. डोळ्यांतून पाणी, नाकातून स्राव आणि खोकला ही तिची लक्षणे होत.

पोटॅशियम आयोडाइडऐवजी मी कॅल्शियम आयोडेट सुचवतो, त्याला कारण आहे. खनिज मिश्रणात मोरचूदही (तांब्याचा क्षार, कॉपर सल्फेट) असतो, आणि दमट हवेत मोरचूद व आयोडाइड एकत्र आले की आयोडीन मोकळे होऊन उडून जाते. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पिशवीत तपकिरी डाग दिसले, तर त्या पिशवीवरच्या आकड्यावर विसंबू नये.

तांब्याच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. पेंडीतील गंधकामुळे कोठीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या, मोठ्या पोटात) सल्फाइड वाढते आणि तांबे कमी शोषले जाते, म्हणून दर किलो शुष्क पदार्थामागे साधारण १० मिलीग्रॅम तांबे मिळते आहे ना, हे पाहावे. मोरचुदाच्या द्रावणात पेंड भिजवून वाळवण्याची एक पद्धत डुकरांवरील प्रयोगांतून पुढे आली आणि तिने ग्लुकोसिनोलेट खरोखर घटते; परंतु दर किलो पेंडीला ६.२५ ग्रॅम मोरचूद वापरला, तर त्या एक किलोत जवळजवळ १,६०० मिलीग्रॅम तांबे चढते. अशी पेंड एकूण आहाराच्या दहा टक्के दिली तरी गाईच्या, दर किलो शुष्क पदार्थामागे ४० मिलीग्रॅमच्या मर्यादेच्या चौपट तांबे होते, आणि मेंढीची मर्यादा तर १५ मिलीग्रॅमचीच आहे. गोठ्यात हा प्रयोग करू नये.

जस्ताचा प्रश्न मुख्यतः डुकरे आणि कोंबड्यांचा आहे, कारण पेंडीतील फायटेट (बियांमध्ये स्फुरद साठवणारे संयुग) जस्ताला बांधून ठेवते. गाई-म्हशींच्या कोठीपोटातील जिवाणू फायटेट फोडतात, त्यामुळे त्यांना चांगले खनिज मिश्रण पुरते.

आयोडीन वाढवण्याची सुरुवात पेंडीच्या पहिल्या दिवसापासूनच करावी, कारण कमतरतेचे परिणाम उशिरा, आणि बहुधा पुढच्या पिढीत दिसतात: अशक्त किंवा मेलेले वासरू, अंगावर केस नसलेले वासरू, गळा सुजलेले करडू. गाभण जनावरांना शेवटचे तीन महिने ही पेंड न दिलेली बरी. दुभत्या गाईच्या दुधातील आयोडीन तपासून घेतले आणि ते कमी आले, तर लगेच आहारातील मात्रा वाढवू नये. थायोसायनेट दुधात जाणारे आयोडीनही अडवते, त्यामुळे आहारात ते पुरेसे असूनही दुधातला आकडा खाली राहू शकतो.