थर्मोस्टॅटिक शॉवर व्हॉल्व्ह: या चुका टाळा, आणि आधी गच्चीवर जाऊन या

आईच्या पाठीवर सोलरचं कढत पाणी पडलं, त्या दिवशी मी थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह, म्हणजे गरम आणि थंड पाणी आपोआप मिसळून ठरवलेल्या तापमानाला शॉवरला देणारा व्हॉल्व्ह, घ्यायचं ठरवलं. ती शॉवरखाली होती, खाली स्वयंपाकघरात कुणीतरी नळ सोडला, थंड पाण्याचा जोर एकदम कमी झाला आणि वर नुसतं गरम उरलं. मार्चमधलं सोलापूरचं ऊन, दुपारची वेळ. टाकीतलं पाणी साठच्या पुढे सहज असणार. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी सुमारे पाच सेकंदांत भाजून काढतं. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते आणि बाजूला व्हायला वेळ लागतो. आई थोडक्यात वाचली.

व्हॉल्व्ह आला, बसला आणि पुढचे दोन महिने नीट चाललाच नाही. कधी कोमट, कधी गार. प्लंबर म्हणाला, "मालक, ह्यो व्हॉल्व्हच गेलाय, बदलूनच टाका की." व्हॉल्व्ह गेला नव्हता. चूक गच्चीवर होती, पाइपांच्या जोडणीत. त्यानंतर जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड या भागांत नात्यातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच घरांत मी हे काम जवळून पाहिलं. बहुतेक ठिकाणी व्हॉल्व्ह चांगला होता, त्याला मिळणारं पाणी चुकीचं होतं. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

आत काय असतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या चुका आपोआप कळतील. व्हॉल्व्हच्या आत बाहेर काढता येणारा एक भाग असतो, तो कार्ट्रिज. त्यात मेणाने भरलेली एक छोटी डबी असते. मिसळलेलं पाणी तिच्यावरून वाहतं. पाणी जास्त गरम झालं की मेण फुगतं, दट्ट्या सरकतो, गरम पाण्याची वाट अरुंद होते आणि थंडची रुंद. पाणी गार झालं की मेण आकसतं आणि उलटं घडतं. वीज लागत नाही. मात्र तीन गोष्टी लागतात: गरम आणि थंड दोन्हीकडे जवळपास सारखा दाब, हव्या त्या तापमानापेक्षा निदान १०-१२ अंश जास्त गरम पाणी, आणि गाळ-क्षार नसलेली वाट.

दोन बाजूंना दोन वेगळे दाब

माझी चूक हीच होती आणि सगळ्यात जास्त घरांत मला हीच दिसली.

आमच्याकडे थंड पाण्याच्या लाइनवर प्रेशर पंप होता. गरम पाणी मात्र साध्या सोलरमधून, नुसत्या उंचीच्या जोरावर उतरत होतं. आपल्याकडे घराघरांत असलेले बहुतेक काचेच्या नळ्यांचे सोलर दाब न घेणारे असतात. त्यांच्या टाकीवर हवा जाण्यासाठी एक उघडी नळी असते. व्हॉल्व्हमध्ये पंपाचं थंड पाणी जोरात येणार आणि गरमला आत शिरायला जागाच मिळणार नाही. मेण कितीही आकसलं तरी एवढा फरक भरून निघत नाही.

याची एक खूण सांगतो. सोलरच्या त्या उघड्या नळीतून गच्चीवर पाणी सांडताना दिसतंय का ते बघा. तसं असेल तर थंड पाणी व्हॉल्व्हमधून गरमच्या लाइनमध्ये घुसून उलटं वर चढतंय. दुसरी खूण म्हणजे स्वयंपाकघरातल्या गरम नळाला अचानक गार पाणी येणं. व्हॉल्व्हच्या दोन्ही तोंडांशी पाणी उलटं जाऊ न देणारे छोटे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतात. त्यात वाळूचा एक कण अडकला तरी ते पूर्ण मिटत नाहीत.

आपल्या गावात याला आणखी एक पदर आहे. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, म्हणून काही घरांत बाथरूमची थंड बाजू थेट नळाच्या लाइनवरही जोडलेली असते. पाणी सुटलं की भरपूर जोर, एरवी शून्य. काही ठिकाणी थंड बाजूला बोअरची मोटर थेट जोडलेली असते. अशा जोडणीवर थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह लावूच नका.

उपाय साधा आहे. गरम आणि थंड, दोन्ही एकाच टाकीतून आणि एकाच उंचीवरून आणा. सोलरला पाणी पुरवणारी टाकी आणि बाथरूमची थंड लाइन जिच्यावर आहे ती टाकी एकच असली पाहिजे. शॉवरचं थंड पाणी टाकीपासून स्वतंत्र पाइपने आणलं, तर खाली कुणी नळ सोडला तरी जोर फारसा हलत नाही. जोर हवाच असेल तर पंप दोन्ही लाइनींवर चालला पाहिजे आणि त्यासाठी सोलरची टाकी दाब घेणाऱ्या प्रकारची असावी लागते. साध्या सोलरच्या टाकीला पंपाचा दाब कधीही देऊ नका, ती फुटू शकते.

पेटीवरचा आकडा न वाचता घेणं

दुकानात सगळे व्हॉल्व्ह सारखेच चकचकीत दिसतात. पेटी उलटी करा आणि 'किमान दाब' शोधा. तिथे १ बार लिहिलं असेल, तर पाण्याची पातळी व्हॉल्व्हपासून सुमारे १० मीटर उंच हवी. आता आपलं घर मोजा. वरच्या मजल्यावरचं बाथरूम, स्लॅब तीन मीटरवर, त्यावर मीटरभर स्टँडवर टाकी आणि व्हॉल्व्ह फरशीपासून १.१ मीटरवर. टाकीच्या तळापासून व्हॉल्व्हपर्यंत २.९ मीटर, म्हणजे ०.३ बारही नाही. तिथे एक बारवाला व्हॉल्व्ह धार सोडेल, शॉवर देणार नाही. ०.१ किंवा ०.२ बारवर चालणारा, कमी दाबासाठी बनवलेलाच मागून घ्या, आणि शॉवरही फार मोठ्या तबकाचा घेऊ नका. खालच्या मजल्यावर आणखी तीन मीटरचा फायदा मिळतो, पण अडचण तीच राहते.

त्याच पेटीवर गरम पाण्याची कमाल मर्यादाही असते. येणारं गरम पाणी साधारण ६० ते ६५ अंशांचं असावं, अशी शिफारस असते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचा सोलर याच्या बराच पुढे जातो. आमच्याकडे उन्हाळा लागला की सकाळी नळ्या गार असतानाच निम्म्या नळ्यांवर जुनी सोलापुरी चादर बांधून टाकतो. पाणी पुरतं आणि व्हॉल्व्हलाही त्रास होत नाही. गरम पाण्याच्या लाइनला सीपीव्हीसीच, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइपच हवा. पैसे वाचवायला कुणी साधा पांढरा पीव्हीसी लावत असेल तर तिथेच थांबवा, तो उष्णतेने वाकतो आणि सांध्यात सुटतो.

चुकीच्या गीझरशी जोडी

साठवणुकीचा गीझर उत्तम. हिशोब असा: थंड पाणी २५ अंशांचं, गीझरमध्ये ६० अंशांचं १५ लिटर, अंघोळीला ३८ अंश. तर साधारण ४० लिटर अंघोळीचं पाणी मिळतं. मिनिटाला ८ लिटरचा शॉवर असेल तर पाच मिनिटं. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत थंड पाणी १८ अंशांवर आलं की तेच ३१-३२ लिटरवर येतं. "चार मिनिटांनी व्हॉल्व्ह गार पाणी सोडतो" असं जानेवारीत कुणी म्हणालं, तर आधी गीझर किती लिटरचा ते विचारा.

तीन लिटरचा इन्स्टंट गीझर या व्हॉल्व्हला पुरा पडत नाही. त्याचं पाणी क्षणात तापतं, क्षणात उतरतं आणि व्हॉल्व्ह त्याच्यामागे धावत राहतो. गॅस गीझरचं वेगळंच. व्हॉल्व्हने गरम पाणी कमी घेतलं की प्रवाह घटतो आणि बर्नर विझतो, मग पेटतो, मग पुन्हा विझतो. आणि व्हॉल्व्हचा विषय बाजूला ठेवून सांगतो, गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत असेल तर तो आजच बाहेर काढा. जळताना त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला ना वास, ना रंग, आणि माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो.

बसवताना

गरम डावीकडे, थंड उजवीकडे. साध्या मिक्सरमध्ये उलटं झालं तरी चालून जातं, फक्त दांडी उलटी फिरवावी लागते. इथे चालत नाही. पाणी तापलं की मेण फुगून भलतीच वाट बंद करतं आणि व्हॉल्व्ह एक तर कढत नाही तर गार सोडतो. पाठीला पाठ लावून असलेल्या दोन बाथरूममध्ये ही चूक हमखास होते, कारण भिंतीच्या दुसऱ्या बाजूला डावं-उजवं बदलतं. टाइल लावण्याआधी दोन्ही टोकांतून पाणी सोडून हाताने खात्री करा. भिंतीबाहेरच्या प्रकारात दोन तोंडांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत १५० मिलिमीटर अंतर लागतं. थोडा फरक वाकडे कनेक्टर सांभाळून घेतात, फार नाही.

भिंतीतला, म्हणजे कन्सील्ड घेणार असाल तर त्याच्या प्लास्टिक टोपीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीची खूण असते. ती गिलाव्यापासून मोजायची नसते, तयार टाइलच्या पृष्ठभागापासून मोजायची असते. गवंडी आणि प्लंबर वेगवेगळ्या दिवशी येतात आणि हा निरोप मध्येच हरवतो. तुम्ही स्वतः पेन्सिलने भिंतीवर लिहून ठेवा. मी तर सांगेन, आपल्या क्षाराच्या पाण्यात भिंतीबाहेरचाच घ्या. उघडून साफ करायला सोपा पडतो.

व्हॉल्व्ह लावण्याआधी दोन्ही लाइनी सोडून बादलीभर पाणी जाऊ द्या. सीपीव्हीसी कापल्याचा भुसा, सोल्यूशनचे थेंब, सिमेंटची खर, सगळं त्या पाण्यात दिसेल. हेच सगळं नाहीतर पहिल्याच दिवशी व्हॉल्व्हच्या तोंडाशी असलेल्या जाळीत आणि कार्ट्रिजमध्ये जाऊन बसतं. सांध्यांना टेफ्लॉन टेप वापरा. सफेदा आणि धाग्याचे तुकडे आत सुटतात.

आणि दोन्ही बाजूंना वेगळे बंद करायचे कॉक हवेतच. ते नसतील तर जाळी धुवायलासुद्धा अख्खी टाकी रिकामी करावी लागते. एका ओळखीच्या घरी हजार लिटर पाणी मोरीत सोडावं लागलं होतं आणि पुढचं पाणी यायला तीन दिवस होते. घरातल्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो. दोन कॉकची किंमत त्या पाण्यापुढे काहीच नाही.

"मे महिन्यात तो गार पाणीच देत नाही"

व्हॉल्व्ह पाणी मिसळतो, थंड करत नाही. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी ४० अंशांवर गेलं असेल, तर ३८ वर लावलेला व्हॉल्व्ह गरम बाजू पूर्ण मिटवतो आणि टाकीतलं ४० अंशांचं पाणीच खाली येतं. तो अगदी बरोबर वागतोय. टाकीवर सावली करा, थंड लाइन उन्हातून जात असेल तर तिला आवरण घाला. या कारणासाठी मे महिन्यात कार्ट्रिज बदललेली दोन घरं मला माहीत आहेत. दोन्हीकडे पैसे फुकट गेले.

उलट पावसाळ्यात, ढगाळ आठवड्यात, सोलरचं पाणी चाळीसच्या आसपासच राहतं. तेव्हा व्हॉल्व्हला मिसळायला अंतरच उरत नाही आणि शॉवर कोमट लागतो. सोलरचा बॅकअप हीटर चालू करा, तक्रार मिटते.

क्षार आणि देखभाल

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. बोअरचं पाणी वापरत असाल तर एकदा तपासून घ्या. बादलीच्या कडेला पांढरा थर धरत असेल तर तोच थर कार्ट्रिजवरही धरतोय, आणि पाणी जितकं गरम तितका तो लवकर धरतो.

महिन्यातून एकदा तापमानाची मूठ पूर्ण गारपासून पूर्ण गरमपर्यंत चार-पाच वेळा फिरवा. ३८ वरचं लाल बटण दाबल्याशिवाय ती पुढे जात नाही, ते दाबून फिरवा आणि शेवटी परत ३८ वर आणा. रोज एकाच जागी राहिलेली मूठ वर्षभरात जाम होते. आमच्याकडे हे पहिल्या तारखेला करायचं काम आहे.

दर तीन महिन्यांनी कॉक बंद करून तोंडाशी असलेल्या जाळ्या काढून धुवा. पावसाळ्यात गढूळ पाणी आल्यावर लगेच धुवा. गरमची जाळी तुंबली की पाणी कोमट येतं, थंडची तुंबली की मूठ कितीही गारकडे नेली तरी पाणी गरमच राहतं. वर्षातून एकदा कार्ट्रिज काढा. मोरीच्या जाळीवर आधी फडकं टाका, स्क्रू तिथेच पडतात. कार्ट्रिज कसा बसला होता त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा कोमट पाण्यात विरघळवलेल्या लिंबूसत्त्वात तासभर ठेवा, जुन्या दातांच्या ब्रशने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा. फरशी धुवायचं ॲसिड लावू नका, ते क्रोम आणि पितळ दोन्ही खातं. रबरी रिंगांना फक्त सिलिकॉन ग्रीस. व्हॅसलीन किंवा गाडीचं ग्रीस लावलं की रबर फुगतं.

बंद केल्यावरही थेंब थेंब पडत असेल तर महागडं थर्मोस्टॅटिक कार्ट्रिज बदलू नका. पाणी चालू-बंद करणारा भाग दुसऱ्या मुठीत असतो, तो वेगळा आणि स्वस्त मिळतो. बंद केल्यानंतरची दोन-चार मिनिटं शॉवरच्या तबकात उरलेलं पाणी निथळतं, तो दोष नव्हे.

मुठीवर ३८ आणि प्रत्यक्षात ४२ येत असेल, तर मूठ काढून, पाणी वाहतं ठेवून, मधला दांडा थर्मामीटरवर बरोबर ३८ येईपर्यंत फिरवा. मग मूठ ३८ ची खूण जुळवून परत बसवा.

शेवटी एक चाचणी, दर सहा महिन्यांनी. शॉवर ३८ वर चालू करा, स्वतः बाजूला उभे राहा आणि थंड पाण्याचा कॉक बंद करा. चांगला व्हॉल्व्ह काही सेकंदांत गरम पाणीही थांबवतो, फार तर बारीक धार राहते. गरम वाहतच राहिलं तर त्या शॉवरखाली कुणालाही उभं करू नका. नवीन कार्ट्रिज येईपर्यंत बादलीत अंघोळ, आणि बादलीत आधी थंड, मग गरम.