लाकडी किटमधून रेल्वेचा प्रवासी डबा: आधी सीलर, मग फेविकॉल

अमेरिकन धाटणीच्या क्राफ्ट्समन किटच्या खोक्यात डबा नसतो, डब्याचा कच्चा माल असतो. बासवुड या मऊ लाकडाच्या बाजू, आकार दिलेलं छत, तळाची फळी, पितळी तार, काही ओतीव धातूचे भाग आणि ड्रॉइंग. बोग्या आणि डबे एकमेकांना जोडणारे कपलर बहुधा वेगळे घ्यावे लागतात. (इथे बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा. बोलताना आपण अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो, ते तेवढं बाजूला ठेवा.) कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये धावतात त्याच एचओ मापाचा, म्हणजे १:८७ चा डबा इथे धरला आहे. या मापात ६० फुटी डबा साधारण २१ सेंटिमीटरचा होतो.

अशा डब्याची वाट लावतं ते पाणी. ते पुण्याच्या पावसाळी हवेत असतं, फेविकॉलमध्ये असतं आणि पाण्यात मिसळणाऱ्या रंगातही असतं. लाकूड लांबीत फारसं वाढत नाही, पण लाकडाच्या रेषांच्या आडव्या दिशेला फुगतं. दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या पट्टीचं एक अंग रंगानं बंद झालं आणि दुसरं कोरडंच राहिलं, तर कोरडं अंग ओल ओढतं आणि पट्टी वाकते. म्हणून खाली दिलेला क्रम बदलू नका.

कापण्याआधी. ड्रॉइंगची झेरॉक्स काढा आणि काम झेरॉक्सवर करा. मूळ कागद जपून ठेवा. झेरॉक्सची लांबी पट्टीनं पडताळा, यंत्र कधी कधी १-२ टक्के लहान-मोठं छापतं. सगळे भाग खोक्याबाहेर काढून चार-पाच दिवस खोलीत उघडे ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये हेच काम करायचं असेल, तर ते घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. शक्य असेल तर दिवाळीनंतरच हात घाला.

बाजूंवर कुठे पोचा पडला असेल, तर त्यावर पाण्याचा एक थेंब टाकून गरम इस्त्रीचं टोक लावा. दबलेले तंतू फुगून वर येतात. हा इलाज सीलर, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारा थर, लावायच्या आधीच चालतो, नंतर पाणी आत शिरत नाही.

सीलर. सुताराचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) सँडिंग सीलर घ्या आणि त्यात तेवढाच थिनर घाला. खिडक्या उघड्या ठेवून, आसपास गॅस वा निरांजन नाही हे बघून काम करा. डकवायच्या कडांवर ३ मिलिमीटरची मास्किंग टेप लावा, कारण सीलर चढलेल्या लाकडावर फेविकॉल नीट धरत नाही. मग दोन्ही अंगांना एकाच बैठकीत पातळ हात द्या. वाळल्यावर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासून दुसरा हात. सीलर दाट झाला तर बाजूंवर कोरलेल्या फळ्यांच्या रेघा भरून जातात आणि डबा प्लॅस्टिकचा वाटतो. प्रत्येक हातानंतर, सीलर ओला असतानाच, रेघांतून जुना मऊ टूथब्रश एकदा फिरवा.

पेटी. टेबल सपाट दिसतं, पण नसतं. जाड काचेवर काम करा. आधी तळाच्या फळीला दोन्ही टोकांच्या भिंती गुण्या लावून चिकटवा, मग बाजू. आतल्या चारही कोपऱ्यांत ५ × ५ मिलिमीटरची पट्टी द्या. फेविकॉल टूथपिकच्या टोकानं लावा. जास्त लावलेला बाहेर येतो, आणि तो पुसलेल्या जागी रंग डागाळतो. बासवुड मऊ असल्यानं क्लँपचे वळ उठतात, त्यापेक्षा वजन ठेवा आणि रात्रभर हलवू नका. फेविकॉल ओला असतानाच छत वर नुसतं टेकवून बघा. पेटी पिळली असेल तर छताचा एक कोपरा उचललेला दिसतो, आणि तेव्हाच ती सरळ करता येते.

वजन. हलका डबा वळणावर रूळ सोडतो. मॉडेल रेल्वेच्या अमेरिकन हौशी लोकांच्या संघटनेचा एचओसाठीचा हिशेब एक औंस, अधिक दर इंचाला अर्धा औंस. २१ सेंटिमीटरच्या डब्याला तो साधारण १४५ ग्रॅम येतो, बोग्या धरून. टायरच्या दुकानात चाकाच्या बॅलन्सिंगसाठी ५ आणि १० ग्रॅमच्या चिकट पट्ट्या मिळतात, त्या तळाशी सारख्या वाटून लावा.

छत. टोकांची गोलाई पुठ्ठ्याचा साचा धरून थोडी थोडी घासा. रेषा दिसेनाशा होईपर्यंत सीलर आणि घासणं, तीन-चार वेळा. छत चिकटवू नका, खालून दोन स्क्रूंनी धरा. पुढे खिडकीची काच सुटली तर आत हात जायला हवा.

खालचा सांगाडा. जुन्या लाकडी डब्यांखाली लोखंडी ताणसळ्या असत, त्या तंगूसच्या करा. ती बेतानं ओढा, फार ताणली तर तळाची फळी धनुष्यासारखी वर येते. ओतीव भागांना दोन भागांचा अ‍ॅराल्डाइट. एका बोगीचा स्क्रू इतकाच आवळा की ती फिरेल पण डुलणार नाही, दुसरी थोडी सैल ठेवा. डबा मग तीन पायांच्या तिवईसारखा बसतो आणि रुळाची उंचसखल खपून जाते.

रंग. दमट दिवशी लॅकरचा फवारा मारला तर थिनर झटकन उडून पृष्ठभाग थंड करतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. कोरड्या दुपारी मारा. अक्षरांची डिकल्स (पाण्यात भिजवून चिकटवायची पातळ छापील चित्रं) चकचकीत थरावरच बसवा, खरबरीत थरावर त्यांच्याखाली हवा अडकून ती चमकतात. त्यानंतर मॅट थर.

खिडक्यांची काच, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा, सगळ्यात शेवटी, आणि तिला फेव्हिक्विक नको. त्याची वाफ त्या पत्र्यावर पांढरी साय धरते. फेविकॉलचे बारीक ठिपके पुरतात. हातानं धरायच्या कड्यांसाठी ०.५ मिलिमीटरची भोकं आधीच पाडलेली असतील तर तार लगेच बसते.

कपलरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून ९.९ मिलिमीटरवर यायला हवा. कमी पडला तर बोगीच्या पिव्हटवर पातळ वॉशर घाला, कपलर वाकवू नका. मग तुमच्याकडच्या सगळ्यात आवळ वळणावरून डबा बोटानं ढकलत न्या. चाक पायरीला किंवा ताणसळीला घासलं तर तिथे रंग उडालेला दिसेल.