30 मीटरवर 50 बार पुरतात का?

तारकर्लीला सहा-सात मीटरवर पहिली स्कूबा डाइव्ह केली, तेव्हा मला एकच आकडा पाठ होता : सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारा काटा 50 बारवर (बार म्हणजे दाबाचं एकक) आला की वर यायचं. तेवढ्या खोलीला तो पुरतोही. त्याच भरवशावर ॲडव्हान्स्ड कोर्ससाठी अंदमानातल्या हॅवलॉकला गेले. पहिल्याच संध्याकाळी इन्स्ट्रक्टरताईने विचारलं, "30 मीटरवर जोडीदारणीची हवा संपली, तर तुझ्या 50 बारमध्ये दोघी वर याल?" मी हो म्हणाले. तिने स्लेट आणि पेन्सिल पुढे केली. "मांडून दाखव."

नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाने हा हिशोब एकदा तरी स्वतःच्या हाताने करावा, असं मला मनापासून वाटतं.

नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर 11.1 लिटरचा. 200 बारला त्यात साधारण 2200 लिटर हवा मावते. 30 मीटरवर दाब 4 बार, म्हणून प्रत्येक श्वासाला वरच्यापेक्षा चौपट हवा जाते. घाबरलेला माणूस मिनिटाला 30 लिटर सहज ओढतो; दोघी धरून 60. एकमेकींना सावरण्यात तळाशी एक मिनिट गेलं, तर 240 लिटर. मिनिटाला 9 मीटर या गतीने 5 मीटरपर्यंत यायला तीन मिनिटं, सरासरी दाब 2.75 : साधारण 495. तिथे तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे अंगातला नायट्रोजन निघावा म्हणून थांबणं : 270. शेवटचे 5 मीटर सावकाश, एका मिनिटात : 75. बेरीज 1080. भागिले 11.1, म्हणजे 97 बार! मी दोनदा तपासून पाहिलं.

म्हणजे 30 मीटरवरून 100 बारलाच निघायचं. वापरायला उरले 100. शांत श्वास मिनिटाला 18 लिटरचा धरला, तरी ही हवा जेमतेम पंधरा मिनिटं पुरते. कोर्सच्या तक्त्यात त्या खोलीची डीकम्प्रेशनविना मर्यादा, म्हणजे वर येताना सक्तीने टप्प्याटप्प्याने थांबावं न लागता तिथे राहता येईल तो वेळ, 20 मिनिटांची आहे. पहिल्या खोल डाइव्हला आधी हवा संपते, वेळ नाही. दुसऱ्या डाइव्हला मात्र उलटं होऊ शकतं : अंगात मुरलेला नायट्रोजन तासाभराच्या विश्रांतीत पूर्ण निघत नाही, आणि कमी खोलीवर हवा भरपूर असतानाही, हा उरलेला वेळ मोजणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरवरची मिनिटं झरझर उतरतात. म्हणून दोन्ही डाइव्हना आपल्याच मनगटावरचा कॉम्प्युटर हवा. जोडीदारणीचा बघून चालत नाही.

तिसऱ्या दिवशी 29 मीटरवर पिवळ्या स्नॅपर माशांचा थवा आमच्याभोवती फिरत होता. कॉम्प्युटर अजून सात मिनिटं दाखवत होता. काटा 100 वर आला. मी अंगठा वर केला : 'वर जाऊया'ची खूण. जोडीदारणीने थव्याकडे एकदा पाहिलं आणि अंगठा वर केला. बोटीवर चढले तेव्हा माझ्या सिलिंडरमध्ये 70 बार होते. ताईने गेज पाहिला, वहीत आकडा लिहिला आणि विचारलं, "पोर्ट ब्लेअरहून विमान कधीचं?"

"परवा सकाळचं."

"मग उद्या पाण्यात नाही. विमानात बसण्याआधी नायट्रोजन निघायला हवा," ती म्हणाली.